बोंबलाचे हात आणि टच फोन

वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात पहिली आले म्हणून मामाने मला टच फोन दिला आणि मी मोठेपणाने तो आईला दिला. "माझा बटणाचाच बरा आहे गं, भाविनी," ती म्हणत होती. पण मी ऐकते कसली! चिंचणीच्या दुकानात जाऊन तिचं सिम कापून आणलं आणि नव्या फोनात घातलंसुद्धा.

आमच्या वरोरला एक पद्धत आहे. मासेमारीहून परतताना होडी रेंजमध्ये आली की बाबा फोन करतात. खाडीत पाणी असेल तर आई न उचलता कट करते, म्हणजे 'या'. पाणी उतरलं असेल तर उचलून सांगते, 'बाहेरच थांबा.' जुन्या फोनवर हे ती न बघता, नुसतं अंगठ्याने चाचपून करायची.

शनिवारी आम्ही बोंबील वाळत घालत होतो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूवर टाकायचे. हात कोपरापर्यंत बुळबुळीत. ओहोटी लागून बराच वेळ झाला होता, आणि फोन वाजला.

"आई, हिरवं सरकव!"

"सरकवतेय की! हे मेलं हलतच नाही!"

"हात पूस ना!"

"कशाला पुसू? लुगडंपण ओलं!"

तिने जोर लावला. अंगठा सटकला तो थेट लाल खुणेवर. फोन कट.

म्हणजे बाबांना 'या' म्हणून कळलं! आता होडी गाळात रुतून कलंडणार. गेल्या वर्षी चिमणकाकांची अशीच फुटली होती.

"लाव परत!" आई ओरडली.

मी दाबून दाबून थकले. स्क्रीन नुसती चिकट. "याला माझं बोटच कळत नाही गं!"

"पहिला नंबर आला ना तुझा? मग कर काहीतरी!"

माझ्या अंगावर नाक तेवढं कोरडं होतं. आईने फोन धरला, मी नाकाने 'बाबा' दाबलं. लागला बायजीमावशीला! तो कट करून पुन्हा नाक आपटलं.

"बाबा, आत येऊ नका! पाणी नाही!"

"मग तुझ्या आईने कट कशाला केला?"

"आईने नाही, फोनने केला!"

होडी खाडीच्या तोंडाशीच थांबली. आईने कमरेच्या पिशवीतून जुना फोन काढला. रोज जवळच ठेवत होती तर!

"घाल सिम."

घातलं. कापलेलं सिम खाचेत टिकेना. त्याला आता बाहेरची चौकट लागणार, ती चिंचणीच्या दुकानात. मी सायकल काढली.

"भरती लागायच्या आत ये," आई मागून म्हणाली. "ते पुन्हा फोन करतील."