चुनखडीच्या टेकडीवरून हिंगाच्या डबीशेजारी

मी वाइनची एक जुनी बाटली आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. दचकू नका, मित्रांनो. माझ्यातलं प्यायचं तुमचं वय नाही, पण गाऱ्हाणं ऐकायला वयाची अट नसते.

माझी द्राक्षं फ्रान्समधल्या एका चिमुकल्या मळ्यातली. टेकडीच्या उतारावर वीतभर माती आणि खाली नुसता पांढरा चुनखडीचा दगड. वेलींची मुळं त्याच्या भेगांतून पाणी शोधत खोल जातात. तिथे नकुल राबायला आला होता. अमेरिकेत ॲन आर्बरच्या विद्यापीठातलं इंजिनिअरिंग मध्येच सोडून तो द्राक्षशेती शिकायला निघाला, तेव्हापासून त्याचे बाबा त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलत नव्हते. त्याने खुडलेल्या द्राक्षांची वाइन माझ्यात भरली गेली. स्वेटरमध्ये गुंडाळून त्याने मला मिशिगनला, नोव्हाय गावातल्या घरी आणलं. बाबांनी एक घोट घ्यावा आणि काहीतरी विचारावं, एवढंच त्याला हवं होतं.

शशिकांतकाकांनी, म्हणजे त्याच्या बाबांनी, मला दोन्ही हातांनी घेतलं. "चांगल्या प्रसंगाला उघडू," ते म्हणाले. इथेच सगळं बिघडलं.

चांगले प्रसंग पुष्कळ आले हो. काकांना प्रमोशन मिळालं, तर श्रावण चालू. त्यांच्या मुलीला, सियाला, नोकरी लागली त्या दिवशी संकष्टी. ग्रीन कार्ड आलं ते नेमकं पितृपक्षात, आणि तो संपतो तोच नवरात्र बसलं. उरलेल्या दिवसांत प्रसंगच नसायचा.

तोवर नकुलच्या आईने, सुवर्णाकाकूंनी, मला शेगडीशेजारच्या कपाटात उभं ठेवलं होतं, हिंगाच्या डबीला खेटून. आम्हाला थंडाव्यात आडवं ठेवायचं असतं, नाहीतर बूच सुकतं आणि हवा आत शिरते. पण विचारतो कोण? पाहुणे आले की काका मला बाहेर काढत, फडक्याने पुसत, "आमच्या नकुलने केलीय" असं कौतुकाने सांगत आणि परत ठेवून देत. हे एका नकुललाच कधी सांगितलं नाही. ते कौतुक ऐकून माझा जळफळाट व्हायचा. आत मी आंबत चालले होते.

परवा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नकुल घरी आला. मीठ शोधताना त्याचा हात मला लागला. सील तसंच होतं. त्याचा चेहरा पडला. काकांनी ते पाहिलं आणि ओपनर शोधायला घेतला. बुचाचा भुगा झाला. स्वयंपाकघरभर आंबट वास पसरला.

"बाबा, डोन्ट. खराब झालीय ती," नकुल म्हणाला.

काकांनी पेला तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "ही द्राक्षं टेकडीच्या कुठल्या बाजूची?"

नकुलने खुर्ची ओढली. ताटातल्या भाताचा उतार करून तो बाबांना मुळं कशी खाली जातात ते दाखवू लागला. जेवण गार झालं तरी दोघं उठले नाहीत. मला आनंद झाला, आणि संतापही आला. हे बोलणं पहिल्याच संध्याकाळी झालं असतं, आणि तेव्हा माझी चवही उत्तम होती.

म्हणून हात जोडते, मित्रांनो. कुणी स्वतः राबून केलेलं काही तुमच्या हातात दिलं, तर ते त्याच दिवशी उघडा, त्याच्यासमोर. संकष्टी असेल तर दुसऱ्या दिवशी.

पण दुसऱ्याच दिवशी.