अख्खा निघालेला टाका

मी टाका बोलतोय. शर्टाच्या बाहीवरचा नव्हे, तोंडातला. माझ्यासारखे टाके काढावे लागत नाहीत. जखम भरली की आम्ही आपोआप विरघळतो. काम पुरं करून गुपचूप नाहीसं व्हायचं, एवढीच आमची हौस.

डॉक्टरबाईंनी पाकीट फाडून मला एका सलूनवाल्याच्या हिरडीत ओवलं. त्याची अक्कलदाढ नुकतीच काढली होती. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरली होती. ती टिकली तरच जखम भरणार, निसटली तर खालचं हाड उघडं पडणार. हिरडीच्या दोन्ही कडा आवळून मी तिच्यावर पहारा देत बसलो.

"आज चूळ भरायची नाही, थुंकायचंही नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. "उद्यापासून मिठाचं कोमट पाणी, तेही हळूच. टाका आपला आपण विरघळेल."

माझ्या या मालकाने शहाण्यासारखी मान हलवली. तिथेच मी फसलो.

संध्याकाळी त्याने तळहातावर श्वास सोडून हुंगला. "रक्ताचा वास मारतोय. उद्या गिऱ्हाइकाच्या नाकासमोर हे तोंड कसं न्यायचं?" म्हणत त्याने कपाटातला जहाल माउथवॉश काढला.

"अहो, डॉक्टर नको म्हणाल्यात ना?" बायको म्हणाली.

"अगं, जखमेला झोंबणारंच लागतं. दुकानात मी काय करतो?"

दुकानात वस्तरा लागला की तो तुरटी फिरवतो, वर लोशन थापतो. गिऱ्हाईक कळवळलं की याला वाटतं, गुण आला. गालावरचं शास्त्र त्याने माझ्यावर चालवलं. तोंडभर घोट घेतला आणि गाल फुगवून असा खळखळवला की काय सांगू! मी दातओठ खाऊन तग धरला. दात अर्थात शेजाऱ्यांचे. गुठळीला मी म्हणत होतो, घट्ट राहा, आत्ता थांबेल. पण तो थांबला नाही. झोंबलं म्हणून त्याने आणखी जोर केला. गाठ सरकली, त्याने पचकन चूळ थुंकली आणि मी गुठळीसकट बेसिनमध्ये आदळलो.

मालक वाकला. वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलं रे बाबा.

"बघ, टाका विरघळलासुद्धा!" तो बायकोला म्हणाला. "उगाच घाबरतेस."

मी विरघळलो? अहो, मी अख्खा समोर पडलो होतो! ज्याच्यासाठी जीव तोडून धरून बसलो, त्यानेच मला उपटलं आणि वर काम झालं म्हणून खूशही झाला. हे मला फार लागलं.

मग त्याच्या ओठातून लाल धार आली आणि हसू मावळलं. आता तो जखमेवर कापूस दाबून दाराशी बसलाय. बायको डॉक्टरबाईंना फोनवर सांगतेय, "निघालोच आम्ही. नाही हो, ऐकलंच नाही त्यांनी!"

तिथे माझ्या जागी दुसरा कोणी ओवला जाईल. त्याला विरघळेपर्यंत राहू द्या, एवढंच मागणं आहे.

निघता निघता बायकोने बेसिनचा नळ सोडलाय. पाणी माझ्यापर्यंत आलं. मी अजून अख्खाच आहे.