हातबंब आणि सुपडूचा दम

मी आग विझवायचा एक जुना हातबंब आहे, मित्रांनो. आता माझ्या अंगावर कोंबड्या बसतात, पण एके काळी शहाद्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, माझा थाट काही औरच होता. मुंबईच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आगगाडीने नंदुरबारला आलो आणि बैलगाडीतून तापी ओलांडून जिनाच्या फाटकात उतरलो.

कापूस आणि ठिणगी यांचे जन्माचे वैर, म्हणून मला आणले होते. दोन्ही बाजूंचे लांब दांडे गडी एकदा इकडून, एकदा तिकडून दाबत, तेव्हा माझ्या नळीतून धार सुटे. बंबावरच्या गड्यांचे प्रमुख दोधू जमादार मला लेकरासारखे जपत. रोज सकाळी चामड्याला तेल, पितळेला चिंच. पाहुणे वाखाणत आणि मीही जरा फुगत असे.

दांड्यावरचा पहिला गडी सुपडू. दांडा धरला की आग विझेपर्यंत सोडायचा नाही, मधेच सोडेल तो कसला गडी, असा त्या सगळ्यांचाच हट्ट होता. खोकला आला की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. कापसाची धूळ गुळाने जाते, मग धूरही जाईल, असे त्यांना वाटे.

एका उन्हाळ्यात कापसाच्या गाठी पेटल्या. सुपडूने दांडा धरला तो सोडलाच नाही. आग विझली आणि तो माझ्या चाकापाशी कोसळला. गूळ तोंडात तसाच होता. पुन्हा असा धूर छातीत गेला तर जीव वाचणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको तापीबाई जिनात आली. जमादार मला तेल लावत होते. ती हळूच म्हणाली, "भाऊ, बंबले तुम्ही रोज तेल देतस. ज्यासना जोरवर तो चालस, त्यासनी छाती कोणी देखी का?"

जमादारांनी तेलाचे फडके खाली ठेवले. मला माझ्या चकाकीची लाज वाटली.

मग रीत बदलली. सकाळी माझ्याआधी गड्यांची पाळी आली. ते नदीपर्यंत पळून येत, दंड काढत, आणि जमादार एकेकाचा दम पाहत. आगीच्या वेळी नाकावर ओले फडके बांधायचे आणि जमादारांनी हाक दिली की दांडा दुसऱ्याला द्यायचा. गडी कुरकुरले. बरा होऊन आलेला सुपडू सगळ्यात जास्त कुरकुरला.

पुढच्या हंगामात सरकीचे गोदाम पेटले. धुराचा लोट आमच्याच अंगावर आला. सुपडू खोकू लागला. जमादारांनी हाक दिली, तशी त्याची मूठ माझ्या दांड्यावर आणखीच आवळली. मी फार घाबरलो.

जमादार जवळ आले. "सोड, सुपडू. आग ते इझीच. तुले घर जानं शे."

सुपडूने मूठ सोडली. मोकळ्या हवेत जाऊन बसला आणि डोळे पुसू लागला. त्याला कोणी हसले नाही. दुसऱ्या गड्याने दांडा घेतला होता, माझी धार तुटली नव्हती. संध्याकाळी सुपडू आपल्या पायांनी घरी गेला.

मित्रांनो, आता मोटारीचे बंब आले आहेत. त्यांना जरूर जपा. पण आग विझवून आलेल्या माणसाला शाबासकी देण्याआधी बसायला जागा द्या, पाणी द्या, आणि त्याचा खोकला नीट ऐका. मी तो ऐकत होतो, पण मला सांगता येत नव्हते. तुम्हाला येते.