गरम खोऱ्याचा तापमापक

मित्रांनो, मी पितळी नळीत राहणारा एक जुना पाऱ्याचा तापमापक आहे. माझा पारा चढतो, पण आपोआप उतरत नाही. मला हाताने झटकावे लागते, तेव्हाच मी नव्या कामाला तयार होतो.

माझे आयुष्य लडाखच्या एका उजाड, थंड खोऱ्यात गेले. तिथे चहू बाजूंना बर्फ, पण जमिनीतून मात्र वाफा निघत. ही उष्णता वीज करण्याजोगी आहे का, हे शोधायला कुन्झेस नावाची भूगर्भशास्त्रज्ञ आली. ती तिथल्याच मेंढपाळांची लेक. तिचे मामा पुन्चोक, ज्यांना ती 'अझंगले' म्हणे, मला तारेला बांधून बोअरमध्ये सोडत. दुसऱ्या बोअरमध्ये मी एकशे बेचाळीस अंश दाखवले, तेव्हा साऱ्या तळावर लोणी-मिठाचा गुरगुर चहा फिरला. माझे कोण कौतुक झाले!

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बोअरमधून मला वर काढताच पुन्चोक ओरडले, "एकशे बेचाळीस! पोरी, जिंकलीस तू!"

कुन्झेस हसली नाही. "अझंगले, कालचा आकडाही हाच होता ना?"

"मग? शेजारच्याच बोअरी, बहिणी-बहिणी त्या!"

"सोडण्याआधी याला झटकलं होतं का?"

मामा बुटांकडे पाहू लागले. "हात गारठले होते गं."

"मग पुन्हा सोडा."

"वेडी आहेस का? वीज खात्याचे साहेब उद्या हाच आकडा घेऊन जातील. इथे मोठं वीजघर होईल. आपल्याच माणसांकडे दिवे लागतील. कुणाला कळणार आहे?"

"वीजघर बांधून ते चाललं नाही की सगळ्यांनाच कळेल. तेव्हा तोंड कुठे लपवू?"

तिने स्वतः मला जोरात झटकले. मी पुन्हा दीडशे मीटर खाली गेलो. वर आलो तेव्हा माझा पारा शहाण्णववर होता. मामा दगडावर मटकन बसले. मलाही वाईट वाटले, पण तो आकडा खरा होता.

कुन्झेसने अहवालात तोच लिहिला. एकट्या दुसऱ्या बोअरच्या उष्णतेवर मोठे वीजघर चालणार नव्हते, म्हणून ते झाले नाही. "पण शहाण्णव म्हणजे काही थोडं नाही," असे सांगत ती दोन वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. अखेर तिसऱ्या बोअरचे गरम पाणी नळांनी खोऱ्यातल्या शाळेत खेळवले गेले. पूर्वी थंडी पडली की ती शाळा चार महिने बंद असे. पहिल्या हिवाळ्यात मामा वर्गात डोकावले, उबदार भिंतीला पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "कुन्झेस, आता इथून मला कुणी उठवू नका."

मित्रांनो, आता विजेवर चालणारी नवी यंत्रे आली आहेत. मी कपाटात धूळ खात पडून असतो. त्याचे दुःख नाही. कधी माझ्यासारखे जुने उपकरण हाती आले, तर ते हळूच पुसा, नीट तपासा आणि मगच कामाला लावा. आणि ते जे सांगेल, ते मनासारखे नसले तरी तसेच लिहा.