एका जागची बोट

शिवप्पाने वीस वर्षं बोटीवर नोकरी केली, पण ती बोट कधी कुठं गेली नाही. खंबायतच्या आखातात, वाळूच्या दांड्याजवळ, ती साखळदंडाने बांधलेली असे. तिला इंजिन नव्हतं. डोलकाठीवर मोठा दिवा होता. तिथल्या सरकत्या वाळूत दीपस्तंभ टिकत नसे, म्हणून ही दीपनौका. जहाजांनी दिवा बघून वळून जायचं आणि आतल्या सहा माणसांनी तिथंच डोलत राहायचं.

उदगीरला परतल्यावर हे सांगितलं की लोक हसत. न चालणाऱ्या बोटीवर कसली नोकरी! बायको, मंजुश्री, तेवढी ऐकून घ्यायची. ती गेल्यावर त्याने सांगणंच सोडलं.

यंदा माघात एका जुन्या खलाशाचा फोन आला. किनाऱ्याला कधीची पडून असलेली आपली बोट भंगारात तोडली, म्हणाला. दोन दिवस शिवप्पाला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने लोह्याची एसटी धरली.

लोह्यात लिंबाजी राहायचा, बोटीवरचा वायरलेसवाला. एका मुलखाचे म्हणून दोघांचं मेतकूट जमलं होतं. पण एका पावसाळ्यात शिवप्पाची माय वारल्याचा निरोप आला. समुद्र खवळलेला, किनाऱ्याला नेणारी लाँच येणं शक्य नव्हतं. लिंबाजीने तो निरोप नऊ दिवस दाबून ठेवला. कळल्यावर शिवप्पाने बोलणं तोडलं, ते पुढची चार वर्षं, त्याच चाळीस पावलांच्या बोटीवर.

लिंबाजी आता पार वाळला होता. त्याच्या बायकोने, पंचफुलाने, चहा दिला. बोट तोडल्याचं ऐकून लिंबाजीने हातातला कप खाली ठेवला.

शेवटी शिवप्पाने विचारलं, "मायचं का सांगितलं न्हाईस?"

"जाता येणार नव्हतं तुला. म्हटलं, नऊ दिस तुझी माय जिती राहू दे."

"त्या नऊ दिसांत मी हसलो, लिंबाजी."

"हाव. म्या पाहून राहिलो होतो. एकटाच."

पंचफुलाने मुक्कामाचा आग्रह केला. शिवप्पा भाकरी खाऊन निघाला. लिंबाजी काठी टेकत स्टँडपर्यंत आला.

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा शिवप्पाने लिंबाजीला फोन लावला. इथवर आलो, म्हणाला.

"बरं. उदगीरला उतरला की कळव."

उतरल्यावर त्याने कळवलं. मग कुलूप काढून तो घरात गेला.