आठ पोती बटाट्यांचा तोल

मित्रांनो, मी एक म्हातारी जर्मन पाणबुडी. कील बंदराजवळच्या वाळूत, चौथऱ्यावर मला बसवून ठेवले आहे. पोरे माझ्या पोटातून वाकून जातात आणि "किती कोंदट आहे गं बाई!" म्हणून नाके मुरडतात. मुरडोत बापडी.

आमच्याच देशाने पेटवलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी मी जन्मले. ब्रोडरसन नावाचे म्हातारे वेल्डर माझ्या प्रत्येक सांध्यावर हातोडीने टकटक करून कान लावत. "फट राहिली तर चव्वेचाळीस पोरं आत मरतील," असे पुटपुटत आणि पुन्हा टकटक करत. पहिल्यांदा बुडी मारली तेव्हा मी थक्क झाले. वर लाटा थैमान घालत होत्या आणि खाली पान हलावे एवढीही खळबळ नव्हती.

माझा सगळा खेळ तोलाचा. मुख्य इंजिनिअर ल्यूडेके साहेब रोज सकाळी स्वयंपाकी ओन्नोला विचारत, "आज काय संपलं, कुठलं संपलं?" मग तेवढे पाणी माझ्या टाक्यांतून पुढे-मागे करत. पाव कमी झाला तरी त्यांना कळायला हवे असे.

एका दुपारी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ शत्रूची युद्धनौका दिसली. बुडीचा हुकूम सुटला. मी झटकन खाली जावे म्हणून मोकळी माणसे नेहमीप्रमाणे माझ्या पुढच्या टोकाकडे, नाकाकडे धावली. पण माझी शेपटीच जड झाली. उलटी घसरत मी तळाच्या चिखलात रुतले. वर युद्धनौका कान लावून उभी होती. पंप चालवला तर आम्ही सापडणार, आणि नाही चालवला तर मी हलणार नाही. आतली हवा संपत चालली होती.

"मागं वजन आलं कुठून?" ल्यूडेके साहेब कुजबुजले.

ओन्नोने मान खाली घातली. "बटाटे, साहेब. ते घ्यायला पुढच्या खोलीत रोज झोपलेल्या माणसांना तुडवत जावं लागायचं. म्हणून पोती काल मागं चुलीजवळ आणली."

"किती?"

"आठ."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होतो. पण तुम्ही झोपला होतात."

"आता सगळेच झोपतोय, ओन्नो," हवा वाचवायला आडवा पडलेला एक खलाशी म्हणाला, "सावकाश सांग."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी सगळ्यांना बूट काढायला लावले. पोती उसवली आणि बटाटे हातोहात पुढे सरकू लागले. एकही पडता कामा नये, कारण आवाज झाला की खेळ खलास. धापा टाकणारी, ओठ निळे पडलेली माणसे एकेक बटाटा तान्ह्या बाळासारखा पुढच्याच्या हातात देत होती. एवढी मोठी मी, पण माझा जीव त्या बटाट्यांत अडकला होता.

कितीतरी वेळाने माझी शेपटी चिखलातून सुटली. तोवर कंटाळून युद्धनौका निघून गेली होती. मी वर आले, झाकण उघडले आणि चव्वेचाळीस माणसांनी एकदम श्वास घेतला. ओन्नो हमसून हमसून रडला. फुकटच्या हवेसाठी माणूस किती तळमळतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

चार दिवसांनी माझ्या टॉर्पेडोने एक मालवाहू जहाज फोडले. ते बुडताना मला आणि माझ्या पोटातल्या माणसांना पाण्यातून सारे ऐकू आले. आत अडकलेली माणसे भिंती ठोकत होती. तीही हवाच मागत होती. मग ते ठोकणेही थांबले. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी ल्यूडेके साहेबांनी नेहमीसारखे विचारले, "काय संपलं, ओन्नो?"

"काहीच नाही, साहेब. काल कुणी जेवलंच नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुन्हा कामावर घ्या. माझे मागणे उलटे आहे. माझा गंज खरवडा, मला रंग द्या, माझी दारे पोरांसाठी उघडी ठेवा. फक्त मला पुन्हा पाण्यात सोडू नका.