रेफूने बांधलेलं बीळ

मी एक जुनं बीळ आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. उंदीर-घुशी उकरतात ती भोकं वेगळी. मी गवंड्याच्या हातचं बीळ आहे. वाळवंटातल्या टूसॉन गावात, ओफेलियाबाईंच्या परसात, मेस्किटच्या काटेरी झाडाखाली माझा मातीचा उंचवटा आहे. तीस उन्हाळे मी मेल्चोर नावाच्या कासवाला पोटात सांभाळलं आहे.

मला बांधलं ओफेलियाच्या नवऱ्याने, रेफूने. त्याने कमरेइतका खड्डा खणला, दोन्ही अंगांना सिमेंटचे ब्लॉक रचले, वर जाड फळ्या टाकल्या आणि त्यांवर हातभर माती दाबून बसवली. दुपारचं ऊन आत डोकावू नये म्हणून माझं तोंड उत्तरेला ठेवलं. समोर पाण्याची उथळ परात काठापर्यंत जमिनीत पुरली. रोज सकाळी ऊन चढायच्या आत तो माझ्या तोंडाशी झारीभर पाणी शिंपायचा. जूनच्या भर दुपारी काठीला थर्मामीटर बांधून पोटावर आडवा व्हायचा आणि काठी आत सरकवायचा.

"बाहेर पंचेचाळीस, आत तीस," तो कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यालाही ऐकू जाईल असं सांगायचा.

"घरातला कूलर दोन वर्षं नुसता खडखडतोय," ओफेलिया म्हणायची, "आणि कासवाला मात्र राजवाडा."

"कूलर मी बांधला नाही ना."

बिळाला छाती नसते, नाहीतर माझी फुगून वरची माती सरकली असती.

मागच्या हिवाळ्यात रेफू गेला. मग मुलगी इर्मा आणि जावई कर्टिस इथे राहायला आले. कर्टिस मनाने सोन्यासारखा, पण बर्फाच्या मुलखातला. त्याच्या गावी ऊन म्हणजे देवाचा प्रसाद. मार्चात मेल्चोर थंडीची झोप संपवून बाहेर आला, तोवर कर्टिसने अंगणातल्या खडीवर एक लाकडी घर उभं केलं होतं. त्याला खिडकी, पत्र्याचं छप्पर आणि हिरवा रंग.

"बिचारा अंधारात कुजतोय, आई. त्याला उजेड हवा."

"तीस वर्षं अंधारातच गुटगुटीत झालाय तो, जावईबापू."

"आणि बिळाच्या फळ्या जुन्या झाल्यात. कोसळल्या तर?"

या शेवटच्या वाक्याने ओफेलियाही कचरली. कर्टिसने माझ्या तोंडावर दगडी फरशी लावून टाकली. मला फार लागलं, मित्रांनो. माझी एक फळी हलली नव्हती.

मेल्चोर रोज येऊन फरशीवर नखं घासायचा. "लागेल सवय," इर्मा म्हणायची, आणि त्याला उचलून खडीवर नेऊन ठेवायची.

मग जून आला. एका दुपारी दोघं कामावर गेलेली असताना ओफेलिया मेल्चोरला खायला निवडुंगाचं पान घेऊन परसात आली. लाकडी घर भट्टीसारखं तापलं होतं आणि रिकामं होतं. मेल्चोर माझ्या दाराशी पडला होता. मान बाहेर लोंबलेली, तोंडाला फेस. माझ्या पोटात गारवा भरलेला, आणि मधे चार बोटं जाडीचा दगड. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

ओफेलियाचा गुडघा नुकताच बदललेला. तिला वाकता येईना. ती तशीच लंगडत पडवीत गेली आणि रेफूची पहार घेऊन आली. "रेफू, तुझ्या कासवाची लाज राख," असं पुटपुटत तिने टोक फटीत घातलं आणि सगळा भार टाकला. फरशी आडवी झाली. तिने झारीतलं साधं पाणी मेल्चोरच्या अंगावर ओतलं आणि काठीने ढकलत ढकलत त्याला आत घातलं. मग तिथेच सावलीत खुर्ची टाकून बसली.

संध्याकाळी कर्टिस आला आणि सगळं ऐकून पांढराफटक पडला. ओफेलियाने थर्मामीटर बांधलेली काठी त्याच्या हातात दिली. लाकडी घरात पन्नास. मग तो पोटावर आडवा झाला. माझ्यात एकतीस.

"बाबांनी इतका गारवा आणला तरी कुठून?"

"आणला नाही. उन्हाला आत येऊ दिलं नाही, एवढंच."

तेवढ्यात काठीला काहीतरी धडकलं. मेल्चोर वाटेत कोणाला आडवं पडू देत नाही. कर्टिस बाजूला झाला, मेल्चोर बाहेर आला, परातीत मान घालून कितीतरी वेळ पाणी प्यायला. कर्टिस तिथेच बसून रडला.

आता सकाळची झारी कर्टिसच्या हातात असते, आणि दुपारी तो शेजाऱ्याला आकडे ओरडून सांगतो. लाकडी घरात ओफेलिया कुंड्या ठेवते.

मित्रांनो, कोणा जुन्या माणसाने बांधलेलं काही बुजवावंसं वाटलं, तर जरूर बुजवा. फक्त त्याआधी एकदा आत हात घालून बघा.